सर्जाबद्दल कुणी विचारलं तर

नेसरीच्या स्टँडवर मी कोल्हापूरची एसटी धरली त्या दिवशी मला सीटला पाठ टेकवता येत नव्हती. पाठीवर वळ उठले होते. ड्रेसचं कापड त्यांना चिकटायचं आणि खड्डा आला की सुटायचं. शेजारची बाई सारखी म्हणत होती, "टेकून बस की गं, पोरी." खिडकीखाली आप्पा, म्हणजे माझे वडील, उभे होते. डोक्यावर टोपी, पायात ते जाडजूड कापशी पायताण. कंडक्टरनं बेल मारली तसं त्यांनी खिडकीचा गज धरला आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आणि ते कुणाला सांगू नको."

ते म्हणजे माझी फिट. वळही त्याच्यामुळंच होते.

हे मी नेसरीत राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या बॅगा भरून बाहेर पडलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या बहुतेकांनी आमचे दोन्ही व्हिडिओ बघितलेत. एकात माझ्या कुत्र्याला मारतात, दुसऱ्यात माझे आप्पा मारतात. तुम्ही ते गल्लीतल्या ग्रुपवर टाकलेत, खाली रडकी तोंडं चिकटवलीत, आणि मला फोन करून विचारलंत की कुत्रं कसलं, चावतं का, कितीला घेतलं. मी कुणालाच धड उत्तर दिलं नाही. आता एकदाच सगळं सांगते.

फिट मला सातवीपासून येते. ती आली की मला काहीही कळत नाही. त्यामुळं माझ्या आयुष्यातली सगळी मारहाण मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलीय किंवा उठल्यावर अंगावर शोधून काढलीय. आपल्या गावचा उपचार तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगी पडली की कुणीतरी ओरडणार, "पायताण आणा, पायताण!" कातड्याचं, घामाचं, जितकं जुनं तितकं गुणकारी. ते नाकावर दाबून धरायचं. मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा. दातखीळ उघडायची म्हणून थोरल्या चुलत्यांनी एकदा उलथनं घातलं आणि माझा पुढचा दात मोडला. ते अजून अभिमानानं सांगतात की त्या दिवशी पोरगी मीच वाचवली.

पायताण मात्र नेहमी आप्पांचं असायचं. आई मी पाचवीत असतानाच गेली, त्यामुळं माझं जे काही करायचं ते आप्पाच करत. शुद्धीवर येताना पहिला वास यायचा तो शेणाचा, कातड्याचा आणि त्यांच्या पायाच्या घामाचा. तुम्हाला किळस येईल, पण त्या वासानं मला बरं वाटायचं. म्हणजे आप्पा आहेत, मी घरात आहे.

कॉलेज संपल्यावर बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरच मी आडवी झाले. पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. त्याच आठवड्यात मला नदीपलीकडच्या एका देवऋषीकडं नेलं. त्यानं निरगुडीचा ओला फोक घेऊन मला मारलं, माझ्या अंगात कोण शिरलंय ते बाहेर येईपर्यंत. आप्पांनी माझे दोन्ही हात धरले होते. तो मार माझ्या अंगातल्या कुणा दुसऱ्याच बाईला बसतोय असं तिथं सगळ्यांना वाटत होतं. त्या बाईला लागलं की नाही मला माहीत नाही. मला लागलं. मी आप्पांच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत, तरी त्यांनी हात सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली.

राजारामपुरीत मला गणिताच्या क्लासमध्ये नोकरी मिळाली आणि दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. हे शहर मला पहिल्यापासून आवडलं. कुणाला कुणाचं कूळ माहीत नाही, सगळे आपल्या गाडीला किक मारण्यात गुंतलेले. आप्पांचं मी ऐकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. म्हणून कुणाला काही माहीत नसायचं, आणि म्हणून प्रत्येक वेळी लोकांनी आपापल्या डोक्यानं मला वाचवलं. क्लासच्या जिन्यात पडले तेव्हा चौघांनी हातपाय दाबून धरले आणि माझा खांदा निखळला. बँकेच्या दारात पडले तेव्हा कुणीतरी दारू प्यालीय म्हणून तोंडावर बादली ओतली, ते पाणी घशात गेलं. घरात एकटी असताना गॅसवर हात पडला, तो डाग कोपरापर्यंत आहे. मेंदूचे डॉक्टर माझ्या खांद्याचा एक्सरे बघून वैतागले. म्हणाले, "बाई, फिटनं तुम्हाला लागलंय त्याच्यापेक्षा जास्त लोकांच्या मदतीनं लागलंय."

गोळ्यांनी फिट कमी झाली, थांबली नाही. डॉक्टरांनीच मला पुण्यातल्या एका ट्रेनरचा नंबर दिला. फिटच्या माणसांसाठी ती कुत्री तयार करते. मी हसले. आपल्याकडं कुत्रं म्हणजे एकतर दारात बांधलेलं, नाहीतर रानात सशामागं सोडलेलं. तरी मी गेले. पुढं वर्षभर माझ्या चकरा झाल्या आणि मग फिकट पिवळ्या रंगाचा एक लॅब्राडॉर माझ्याबरोबर कोल्हापूरला आला.

त्याचं नाव मी सर्जा ठेवलं, आमच्या बैलाचं. मी आठवीत असताना बैलगाडीपुढं पडले होते, आठवतं का कुणाला? वळणावर आप्पांना मी दिसले नव्हते. सर्जा जागच्या जागी थांबला, आप्पांनी चाबूक ओढला, आणखी ओढला, शिव्या घातल्या, पाठ सोलून निघाली तरी त्यानं पाय उचलला नाही. मग आप्पा खाली उतरले आणि त्यांना मी दिसले. फोनवर मी नाव सांगितलं तर आप्पा भडकले. "बैलाचं नाव कुत्र्याला ठेवत्यात व्हय? आपल्या सर्जानं ऐकलं असतं तर शिंगावर घेतली असती तुला."

सर्जाचं काम सोपं वाटतं. फिट यायच्या थोडं आधी त्याला कळतं, कसं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तो माझ्या गुडघ्यात नाक खुपसतो आणि पुढं जाऊ देत नाही. मी जिथं असेन तिथं खाली बसते. फिट आली की तो माझ्या अंगालगत, थोडा अंगावर, पसरतो, म्हणजे डोकं आपटत नाही. तोंड चाटत राहतो. मी उठेपर्यंत हलत नाही. हे न हलणंच शिकवायला सगळ्यात जास्त दिवस लागतात, असं ट्रेनर म्हणाली होती.

त्याच्या अंगात लाल जॅकेट असतं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सर्व्हिस डॉग, हात लावू नका'. कोल्हापुरात ही पाटी म्हणजे हात लावायचं आमंत्रण. पहिला प्रश्न, "चावतंय काय?" दुसरा, "जात कुठली?" हा कुत्र्याबद्दल आहे की माझ्याबद्दल हे कधी कधी पटकन कळत नाही. मग कुणीतरी जाणकार म्हणतो, मुधोळ घ्यायचं हुतं, ह्ये शिकारीला चालायचं न्हाय. बायका जरा वेगळं विचारतात. "लगीन न्हाय झालं व्हय? म्हणून पाळलंय?" आणि काहीजण विचारतच नाहीत, सरळ वाकतात. कुत्रं दिसलं की वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, ही आपली सगळ्यांची जन्माची सवय. गावठी कुत्रं त्यानं लांब पळतं. सर्जा नुसता बघत राहायचा. त्याला दगड माहीतच नव्हता.

ट्रेनरनं मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. चिडायचं नाही, थांबायचं नाही, म्हणायचं, "तो कामावर आहे." पुण्यात त्यानं भागत असेल. इथं लगेच पुढचा प्रश्न तयार. "कसलं काम?" तिथं माझी जीभ अडायची. तिथं आप्पा खिडकीचा गज धरून उभे असायचे. मग मी काहीही ठोकून द्यायचे. सीआयडीत आहे. मंगळसूत्रं ओढणाऱ्याला धरतो. चौकात रसाचा गाडा लावणारी मावशी रोज विचारायची, "आज काय काम करालंय गं तुझं कुत्रं?" मी म्हणायचे, "माझी पर्स राखालंय, मावशी." ती हसून बर्फाचा तुकडा त्याच्यापुढं टाकायची. कामावर खाणं नको म्हणून मी तो पायानं बाजूला सारायचे.

सगळेच हसणारे नव्हते. भाजी घेताना एकानं सर्जाचं शेपूट पिरगाळलं, भुंकतंय का बघायला. मी हातातला स्टीलचा डबा त्याच्या कानशिलात हाणला. मोटारसायकलवरचा एकजण जाता जाता त्याच्या बरगडीत लाथ घालून गेला. त्याला मी सिग्नलला गाठलं, किल्ली काढून गटारात टाकली आणि दोन कानाखाली दिल्या. राग मी आप्पांचा घेतलाय, हात चालतो. सर्जा मात्र कधी गुरगुरला नाही. मी भांडत असताना तो शेजारी शांत उभा असायचा, जणू एवढं तेवढं चालायचंच.

पहिला व्हिडिओ उन्हाळ्यातला आहे. क्लास सुटला होता, संध्याकाळची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला. रसाच्या गाड्यापाशी सर्जानं माझ्या गुडघ्यात नाक खुपसलं. मी फुटपाथवर बसले. मला आठवतं ते तिथपर्यंत. पुढचं मी लोकांच्या मोबाइलवर बघितलंय, इतक्यांदा बघितलंय की आता आठवल्यासारखंच वाटतं.

मी आडवी आहे, टाचा रस्त्यावर आपटताहेत. सर्जा माझ्यावर पसरलाय, तोंड माझ्या तोंडापाशी. माझी जीभ चावली गेलीय, तोंडातून रक्त येतंय, आणि तो चाटतोय, म्हणून त्याचा सगळा फिकट जबडा लाल झालाय. कुणीतरी ओरडतं, "आरं बाई फाडली! कुत्र्यानं बाई फाडली!" दुसरा म्हणतो, "न्हाय रं, फिट आलीया, पायताण हुंगवा." तो वाकून पायातलं काढतो आणि पुढं येतो. सर्जा हलत नाही. "बघा, जवळ येऊ देईना," पहिला म्हणतो. मग पहिली लाथ.

त्यानंतर सगळे तुटून पडतात. लाथा, पायताणं, कुणाचं तरी हेल्मेट. मग रसाच्या गाड्यावरची उसाची टिपरी. टिपरू पाठीवर बसलं की साल उडते, रस उडतो, आणि मारणारा हात झटकून नवीन टिपरू घेतो. सर्जा भुंकत नाही. कण्हतो, आणि प्रत्येक फटक्याला माझ्यावर आणखी पसरतो. काही फटके माझ्या हातावर आणि मांडीवर बसताना स्पष्ट दिसतात, कुणाचं तिकडं लक्ष नाही. शेवटी एकजण दुकानाचं शटर ओढायची लोखंडी सळई घेऊन येतो आणि त्याच्या मागच्या पायावर घालतो. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही ऐकू येतो. तरी तो उठत नाही.

मला शुद्ध आली ती वासानं. कातड्याचा, घामाचा, पण परक्या घामाचा. नाकावर कुणीतरी पायताण दाबत होतं. सर्जाला बाजूला फरफटत नेलं होतं आणि तिथून तो माझ्याकडं पोटावर सरकत येत होता. मी ते पायताण हिसकावलं आणि समोरच्या माणसाच्या नाकावर सगळ्या ताकदीनं मारलं. त्याचं नाक फुटलं. तो बिचारा नाक धरून म्हणाला, "आम्ही वाचवालतो तुला, बाई."

ते खरंच वाचवत होते, हेच मला सहन होत नाही. वाईट माणसं असती तर मी पोलिसात जाऊन मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी रसवाली मावशी माझ्या दारात येऊन रडली. म्हणाली, "टिपरी मीच दिली गं. मला वाटलं तू मेलीस." मी तिला आत घेतलं नाही. नंतर म्हणाली, "तुझी पर्स राखालंय म्हणालीस की. आम्हाला काय ठावं?" मी दार लावलं. तिला खरं काय ते सांगायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

सर्जाच्या पायात स्टीलची पट्टी घालून हाड बसवलं. बरगड्या आपोआप जुळल्या. तो लंगडत का होईना चालायला लागला, पण दारात कुणी चप्पल काढायला वाकलं की तो कॉटखाली शिरायचा आणि तिथंच मुतायचा. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस बूट काढायला वाकला तेव्हा त्यानं पहिल्यांदा दात दाखवले. मी ट्रेनरला फोन केला. ती पुण्याहून आली, दिवसभर त्याला बघत बसली आणि जाताना म्हणाली, "भीती गेली नाही तर तो कधीतरी चावेल. एकदा चावला की काम संपलं. मग मला त्याला न्यावंच लागेल. महिन्याअखेरीस परत येते."

सर्जा गेला की मलाही गावाकडं परत जावं लागणार, हे मला कळत होतं. घरमालकानं आधीच विचारलं होतं की मॅडम, गावाकडं कोण असतं तुमचं. आप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "न्यायला येऊ?" मी नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते आले.

दारात पायताण काढायला वाकले तसा सर्जा कॉटखाली. आप्पा खाली वाकून बघत म्हणाले, "ह्ये राखणार व्हय तुला?" ते माझ्याकडं राहिले. सकाळी भाकरी थापायचे, दुपारी गॅलरीत बसून खालची रहदारी मोजल्यासारखी बघायचे, संध्याकाळी आमच्याबरोबर फिरायला यायचे. आता लोकांचे प्रश्न त्यांच्याकडं जायला लागले. टोपीवाला म्हातारा बघून माणसं हक्कानं विचारतात. "पावणं, कुत्रं कुणाचं?" आप्पा म्हणायचे, "पोरीचं." "लंगडतंय का?" "असंच." "आन ह्ये लाल काय घातलंय?" आप्पा उत्तर न देता पुढं जायचे. मी मागून बघायचे. माझी जीभ जिथं अडते तिथंच त्यांचीही अडत होती.

एका रात्री जेवताना मी भडकले. त्यांनी शांतपणे विषय काढला, की गावात नवीन घर बांधलंय, तुझी खोली वेगळी आहे, एकटी मरशील इथं. मी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "आप्पा, तिथं तुम्ही माझे हात धरलेले. तो मारत होता आणि तुम्ही हात धरलेले."

आप्पांनी घास तसाच हातात धरला. मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे. "मग कुणी धरायचं हुतं?" ते म्हणाले. "परक्या माणसानं? हात मोडले असते तुझे."

मी ओरडले, की मोडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या गोळ्यांचं पाकीट बघायला लागले, डॉक्टरांकडं माझ्याबरोबर आले, आणि फिट आली की काय करायचं नाही हे डॉक्टर सांगत होते तेव्हा मान खाली घालून ऐकत होते. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, काही हुंगवायचं नाही. त्यावर आप्पांनी एकच विचारलं, "मग बापानं करायचं काय?" डॉक्टर म्हणाले, "लोकांना लांब ठेवा आणि शेजारी बसा."

महिना संपत आला. ट्रेनर दुसऱ्या दिवशी येणार होती, माझी बॅग आप्पांनीच भरून दाराशी ठेवली होती. संध्याकाळी आम्ही सर्जाला घेऊन खाली उतरलो. रसाच्या गाड्यावरून जाताना मी मावशीकडं बघत नसे. त्या दिवशीही बघितलं नाही. आणि तिथंच सर्जा थांबला, त्यानं गुडघ्यात नाक खुपसलं. मारानंतर पहिल्यांदाच. मला एवढा आनंद झाला की मी हसतच खाली बसले. "आप्पा, यायला लागली," मी म्हणाले.

पुढचं मावशीनं सांगितलं, आणि उरलेलं तुम्ही बघितलंच आहे.

आप्पांचा हात सवयीनं पायाकडं गेला. इतक्या वर्षांची सवय, ती डॉक्टरच्या एका वाक्यानं जात नाही. ते वाकले, पायताण काढलं आणि माझ्याकडं वळले. सर्जा माझ्या अंगावर उभा राहिला. त्याचे ओठ मागं गेले होते, सगळे दात बाहेर, आणि चारी पाय थरथरत होते. माझ्या ड्रेसवर तो मुतला. पण बाजूला झाला नाही. मावशी म्हणते, दोघं एकमेकांकडं बघत राहिले, म्हातारा आणि कुत्रं, आणि तिला वाटलं आता हे म्हाताऱ्याचं मनगट तोडणार.

तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. "त्योच कुत्रा! परत धरली बघ बाईला!" माणसं धावत आली. एकानं गाड्यावरच्या टिपऱ्याला हात घातला. मावशीनं ऊस तोडायचा कोयता त्याच्या हाताशेजारी फळीत रोवला आणि म्हणाली, "टिपऱ्याला हात लावलास तर बोटं हितंच ऱ्हातील." दुसरा एकजण काठी घेऊन सर्जाच्या मागं निघाला होता. आप्पांनी त्याला थांब म्हटलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, सरक."

आप्पा सरकले नाहीत. त्यांनी सर्जाकडं पाठ फिरवली, त्याचे दात आपल्या पोटरीपासून वीतभर अंतरावर असताना, आणि हातातलं पायताण त्या माणसाच्या थोबाडावर ओढलं. आवाज व्हिडिओत आहे. तो माणूस बसलाच. दुसरा पुढं आला, त्यालाही बसलं. आप्पांचं वय बघा आणि तो हात बघा. टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"फिट येती माझ्या पोरीला," ते ओरडले. रानात बैलाला हाक मारायचा त्यांचा आवाज, अख्ख्या चौकात गेला. "सातवीत हुती तवापास्नं येती. मीच कुणाला सांगू दिलं न्हाय. आज सांगालोय, ऐका सगळ्यांनी. ह्ये कुत्रं न्हाय, सर्जा हाय माझा. राखालाय तिला. पुढं आला त्याचं टाळकं फोडीन."

त्यांच्या मागं सर्जाचे ओठ हळूहळू खाली येतात. तो परत माझ्या अंगालगत पसरतो आणि माझं तोंड चाटायला लागतो. हे व्हिडिओत अगदी कडेला आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल. मग आप्पांना शूटिंग करणारा दिसतो आणि ते पायताण फेकतात. ते सरळ तुमच्या तोंडावर येतं आणि व्हिडिओ तुटतो. पुढं काय झालं असं तुम्ही सगळ्यांनी मला विचारलंत. पुढं काही झालं नाही. माणसं निघून गेली आणि आप्पा माझ्या शेजारी रस्त्यावर बसले.

मी उठले तेव्हा कसलाच वास नव्हता. थोडा उसाच्या रसाचा आणि सर्जाच्या ओल्या केसांचा, बस. आप्पा जवळ असताना पहिल्यांदाच माझ्या नाकावर काही नव्हतं, आणि मी घाबरून आप्पा, आप्पा करायला लागले. ते शेजारीच होते. एका पायात पायताण, दुसरा पाय उघडा. एक हात त्यांनी सर्जाच्या पाठीवर ठेवला होता आणि सर्जा तो ठेवू देत होता. फेकलेलं पायताण सापडलं नाही. आप्पा एका पायानं अनवाणी तिसऱ्या मजल्यावर चढले.

दुसऱ्या दिवशी ट्रेनर आली तिला मी व्हिडिओ दाखवला. त्याचे दात दिसतात तिथं तिनं थांबवला, मागं घेतला, परत बघितला. मग "चावला नाही," एवढं म्हणून बराच वेळ सर्जाला कुरवाळत बसली आणि तशीच रिकाम्या हातानं परत गेली. बॅग आप्पांनी स्वतःच उघडून कपडे कपाटात लावले, चुकीच्या खणात.

घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून नेसरीच सांगते. पण तिकडं राहायला यायची नाही, हे आता सगळ्यांनी डोक्यातून काढून टाका. सर्जाची पायताणाची भीती गेलेली नाही. ती जाणारही नाही, असं ट्रेनर म्हणते. रस्त्यात त्याला सवय करून दिलीय, पण घरात, दारात, कुणी वाकलं की तो अजून कॉटखाली जातो. म्हणून आप्पा येतात तेव्हा पायताण वर आणतच नाहीत. खाली गेटपाशी काढून ठेवतात, नवं कोरं कापशी, आणि तीन मजले अनवाणी चढतात. चोरीला जाईल म्हणून मी ओरडले तर म्हणतात, "जाऊंदे."

गेल्या खेपेला ते आले तेव्हा मी गॅलरीत उभी होते. नवीन वॉचमननं त्यांना अडवलं.

"पावणं, पायताण हितं का काढालाय?"

आप्पा थांबले. वर बघितलं नाही, त्यामुळं मी ऐकतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

"वर पोरगी हाय माझी," ते म्हणाले. "तिला फिट येती. तिच्या सर्जाला पायताणाचं भ्या हाय."

मग पिशवी खांद्याला लावून ते जिना चढायला लागले.